दुधनीपलीकडची बेथानी

नाताळ झाला, करंज्यांचा डबा खडखडला आणि मी नगरहून सोलापूरला निघालो. काखेत वळकटी आणि हातात छत्री पाहून शेजारच्या पोस्टमास्तरांनी टोकलंच, "मास्तर, ऐन थंडीत छत्री? पाऊस बरोबर घेऊन निघालात की काय?"

"छत्रीला वाट माहीत आहे, मला नाही," मी म्हटलं. ते हसले. मी काही विनोद केला नव्हता. छत्री आमच्या मंडळींची, म्हणजे बायकोची. काळं कापड आणि एका बाजूला हिरव्या खणाचं ठिगळ. दर वर्षी नाताळ उलटला की ही छत्री आणि तिची मालकीण सोलापूरकडच्या दौऱ्यावर जात आणि शिमग्याच्या सुमाराला दोघीही उन्हानं विटून परत येत.

आमच्या घरची बायबलबाई होती. परक्या वाचकांसाठी सांगायचं तर, जिथं पुरुष उपदेशकाला कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही, तिथं जाऊन बायकांना प्रभूची गोष्ट सांगायची, हे तिचं काम. पण व्याख्यान तिला जमत नसे. तारण, विश्वास, पश्चात्ताप हे शब्द तिच्या तोंडी मी फारसे ऐकले नाहीत. ती सरळ जात्यापाशी जाई, समोरचा खुंटा धरी, बाईबरोबर दळू लागे आणि शुभवर्तमान ओवीत गाई. ओव्या तिच्याच. मी किती वेळा म्हटलं, लिहून काढू. "लिहून काय लोणचं घालायचंय?" म्हणून ती हसायची.

त्यातल्या लाजराच्या ओव्या माझ्या विशेष आवडीच्या. बेथानी गावचा लाजर आजारी पडतो, त्याच्या बहिणी मार्था आणि मरिया प्रभू येशूला निरोप धाडतात, तो येईपर्यंत भाऊ मरून पुरलेला असतो, आणि प्रभू त्याला कबरेतून हाक मारून उठवतो, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. आमची बाई ती मार्थेच्या तोंडून गायची. पहाटे मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो:

बेथानी माझं म्हायेर गं, दारी अंजीर दाटला
लाजर माझा बंधू बाई, पाठीवरचा धाकटा

अशा करत ती कबरेपर्यंत यायची आणि तिथं अडायची:

धोंडा लोटा म्हणी येशू, धोंडा माझ्यानं हालंना
जीव माझा दारी उभा, पाय पुढं चालंना

"पुढे काय?" मी विचारी. "पुढचं अजून आलं नाही," ती म्हणे. शेवटच्या दौऱ्यावरून आली ती अंगात ताप घेऊनच. टांग्यातून उतरता उतरता म्हणाली, "अहो, पुढचं सुचलं बरं का! दुधनीच्या पलीकडे एका गावात, दळता दळता. बरं वाटलं की म्हणून दाखवते." बरं वाटलंच नाही. तिला मातीत ठेवलं त्या दिवशी आमच्या पाळकसाहेबांनी नेमका लाजराचाच अध्याय वाचला. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझा आमेन घशात अडकला तो अडकलाच. बहीण धोंड्यापाशी उभी आणि पुढचं गाणं कुणाला येत नाही, अशी माझी गत झाली. यंदा शाळेतून सुटलो, पेन्शनीत निघालो, आणि ठरवलं की त्या ओव्यांचा शेवट ऐकल्याशिवाय परत यायचं नाही. गावाचं नाव मात्र मला ठाऊक नव्हतं. आहे की नाही शहाणपण?

दौंडला गाडी बदलली. डबा शेतकऱ्यांनी, बोचक्यांनी आणि एका बोकडानं भरलेला. केम स्टेशनावर एका बाईनं खिडकीतून चहा घेतला, आणि माझ्याही हातात न विचारता कप ठेवून म्हणाली, "घ्या की, गार पडतुया." दोन्ही बाजूंना जोंधळ्याची हिरवी पिकं वाऱ्यावर डुलत होती. डोक्यावर झाड नाही, डोंगर नाही, नुसतं आभाळ. नगरचं आभाळ काही लहान नाही, पण इथलं पाहून माणसाला आपण एकटे आहोत हे फार स्पष्ट कळतं. आमची बाई इथून दर साली गेली. कुठल्या बाजूच्या खिडकीत बसत असेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्या बाजूला बसलो असतो.

सोलापूर आलं ते गिरण्यांच्या धुरांड्यांनी. स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं माझी वळकटी माझ्या आधी टांग्यात टाकली. "कां जाना मास्तरसाब? गिरजाघर? मालूम है की! हल्लू बैठो (सावकाश बसा), घोडी जरा नखरेवाली है." घोडी नखरेवाली नव्हती, म्हातारी होती. वाटेत त्यानं मला शहर दाखवलं: हा किल्ला, हा तलाव, ही गिरणी, ही दुसरी गिरणी. भोंगा झाला तशी माणसांचे लोंढेच्या लोंढे रस्त्यावर आले आणि टांगा उभा राहिला. पुढच्या पेठेत घराघरातून मागांचा खटखटाट येत होता आणि ओसरीवर बसून बायका तेलुगूत भांडत होत्या. भांडण कळायला भाषा लागत नाही, हे मला तिथं समजलं.

मुक्काम तिथल्या पाळकांकडे. हे तरुण गृहस्थ, मोठ्या उत्साहाचे. दुसरा दिवस रविवार. त्यांनी 'विश्वासाने तारण' या विषयावर उपदेश केला. चांगला केला, खोटं कशाला बोलू. देवाची कृपा विकत मिळत नाही, पुण्याचं गाठोडं बांधून स्वर्गात जाता येत नाही, आणि ज्याला तारण मिळालं तो मग सेवेवाचून राहूच शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी मागवाल्यांच्या पेठेत उघड्यावर सभा झाली. तिथंही तेच. एक तेलुगू विणकर पाठीमागून म्हणाला, "फुकट भेटते म्हणता, मग घेत का नाय लोकं?" पाळक म्हणाले, "फुकटाची लाज वाटते म्हणून." सगळे हसले, विणकरही. मला वाटलं, उत्तर छान आहे.

मग पाळकांनी एकदम माझ्याकडे हात केला. "आमचे पाहुणे नगरचे जुने मास्तर. त्यांच्या पत्नीनं याच भागात देवाची मोठी सेवा केली. ते आता पुनरुत्थानाच्या आशेविषयी दोन शब्द सांगतील." मी उभा राहिलो. पेट्रोमॅक्सभोवती किडे घिरट्या घालत होते. सगळी तोंडं माझ्याकडे. चाळीस वर्गांपुढे बोललेला माणूस मी, आणि मला शब्द सापडेना. "मला जरा खोकला आहे," असं सांगून मी बसलो आणि मग खोटं वाटू नये म्हणून खोकलोही. परतताना पाळकांच्या पत्नीनं मला आल्याचा काढा दिला. मी तो निमूटपणे प्यालो. दुसरं काय करणार?

आमच्या बाईनं नेमकं कुठलं गाव धरलं होतं, ते पाळकांना ठाऊक नव्हतं. ते इथं नवे. तिच्याबरोबर फिरणाऱ्या म्हाताऱ्या बाईही आता हयात नाहीत. "दुधनीला बाजाराच्या दिवशी जा, आजूबाजूची सगळी गावं तिथं येतात," एवढंच त्यांनी सांगितलं. तेवढ्यावर मी दुधनीच्या गाडीत बसलो.

या गाडीत मराठी हळूहळू पातळ होत जाते. अक्कलकोट रोड मागं पडलं की कानडी वाढते, आणि दुधनीला उतरलात की माणूस एका वाक्यात दोन्ही भाषा वापरून मोकळा होतो. बाजार मोठा. मिरच्यांचे ढीग, तुरीची पोती, बैलांची शिंगं रंगवणारे, शेंगांचा वास. मी माणसामागून माणसाला विचारत होतो, "बायबलबाई यायची ते गाव कुठलं?" कुणी मान हलवी, कुणी "गोत्तिल्ला" (ठाऊक नाही) म्हणे, एकानं मला दवाखान्याची वाट दाखवली. ऊन चढलं. मी कंटाळून छत्री उघडली आणि एका पोत्यावर बसलो.

थोड्या वेळानं एक धिप्पाड गाडीवान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्याकडे नाही, छत्रीकडे बघत होता. "ही छत्री तुमास्नी कुटं मिळाली?" त्यानं दरडावून विचारलं.

"का हो?"

"ह्ये ठिगळ आमच्या अव्वानं (आईनं) लावल्यालं हाय. तिच्याच चोळीचा खण. छत्री बाईची हाय."

मी उठलो तो पोत्यावरून घसरलोच. "मी बाईच्या घरचा," एवढंच कसंबसं म्हणालो. त्याचा चेहरा उजळला. मल्लाप्पा त्याचं नाव. त्यानं माझी वळकटी उचलली, मला गाडीत कडब्यावर बसवलं आणि पेंड विकायची राहिली होती ती तशीच घेऊन घराकडे बैल वळवले. "अव्वा लई वाट बघतीया," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, जिची बघतेय ती येत नाही आणि भलताच येतोय. पण तोंडानं बोललो नाही.

गाव लहान. काळ्या दगडाची घरं, सपाट मातीची छपरं, वेशीत बसवण्णाचं देऊळ. ओसरीवर मल्लाप्पाची आई बसव्वा सुपात जोंधळे पाखडत होती. वाळकी, ताठ, कपाळावर विभूतीचे पट्टे. "अव्वा, बाईकडचं पावणं आल्यात," मल्लाप्पानं गाडीतूनच ओरडून सांगितलं.

ती उठली. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, दोन्ही पायांकडे, अगदी नीट. मग तोंडाकडे. मग हनुवटीला हात लावून म्हणाली, "बर्री, कूडरी (या, बसा). तुमी लाजर व्हय?"

मला वाटलं, उन्हानं माझं डोकं फिरलं. "कोण?"

"बाईचं बंधू. लाजरअण्णा. चार दिस मातीत व्हता न्हवं? बाईच्या येसूनं हाक मारून उठीवलं त्येच तुमी?" तिनं सुनेला आतून बोलावलं. "ये गं, बग! ओवीतलं लाजर आलंय! पाय सरळ हायती की!"

मेलेला परत आला तर त्याचे पाय उलटे असतात, म्हणून बसव्वा माझे पाय तपासत होती! मी हसलो. आमची बाई गेल्यापासून असा पोट धरून हसलो नव्हतो. बसव्वाही हसली. सुनेनं पाणी आणलं. आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. त्याला वेळकाळ कधीच कळत नाही. मी मांडी घालून सगळं समजावून सांगितलं. लाजर फार पूर्वी होऊन गेला. बेथानी नगरजवळ नाही, समुद्रापलीकडे आहे. बाईला भाऊ नव्हता, ती एकुलती एक. ती मार्थेच्या वतीनं गात असे. मी लाजर नव्हे, मी तिचा नवरा.

बसव्वाचं हसू मावळलं. "म्हंजी त्यो तिचा भाऊ न्हवंच?"

"नाही."

"मग गाताना ती रडत का व्हती?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"आनि बाई कुटं हाय? दोन सुग्या झाल्या, आली न्हाय."

मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मग तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या ओसऱ्यांवरून बायका धावत आल्या. "अगं माझे बाई गं! मला न सांगता कुटं गेलीस गं!" नगरला माझ्या घरी सगळे दबून रडले होते, रुमालात. शिकलेल्या लोकांची रीत. इथं एक अनोळखी म्हातारी माझ्या माणसासाठी मोकळा गळा काढून रडत होती, आणि मला तिचा हेवा वाटला.

मागाहून मल्लाप्पाच्या बायकोनं सांगितलं ते असं. पहिल्या साली बसव्वानं बाईला जात्याला शिवू दिलं नव्हतं. बाई रोज ओसरीखाली बसून गायची आणि उठून जायची. दुसऱ्या साली बसव्वाच्या हाताला गळू झालं. सून माहेरी. घरात पीठ नाही. बाईनं विचारलं, "दळू का?" बसव्वा गप्प राहिली. बाईनं आत जाऊन खुंटा धरला. तेव्हापासून दर सुगीला जात्याची ती बाजू बाईची.

मी आशेनं विचारलं, "मग लाजराच्या ओव्या तुम्हाला सगळ्या येतात? शेवटापर्यंत?"

"येत्यात," बसव्वा म्हणाली. डोळे पुसून ती आता कोरडी झाली होती. "पर म्हननार न्हाय. परक्याच्या भावाची ओवी कोन म्हनतंय? ओवी म्हनायची ती आपल्या भावाची, आपल्या म्हायेराची. मला वाटलं तिचाच हाय. तिचा त्यो माझा. आता तुमी म्हनताय, कुटला कोन समुद्रापल्याडचा."

झालं! एवढ्या लांब आलो, दारात पोचलो आणि आपल्याच जिभेनं दार लावून घेतलं. ती असती तर म्हणाली असती, "अहो, तुम्हाला गप्प बसायला कुणी शिकवलंच नाही का?"

मल्लाप्पानं मला शेतावर नेलं. शेणीच्या आगटीत कणसं भाजली, चोळली आणि गरम हुरडा शेंगांच्या चटणीबरोबर पुढ्यात टाकला. हुरडा फार गोड. सूर्य मावळतीला गेला होता आणि सगळं रान सोनेरी दिसत होतं. ती दर साली घरी येऊन या हुरड्याचं वर्णन करायची. "एकदा चला माझ्याबरोबर." आलो बघ. पण तू कुठं आहेस? मी हातातला हुरडा खाली ठेवला. मल्लाप्पा शहाणा, त्यानं न बघितल्यासारखं केलं.

इतक्यात बांधावरून बसव्वा आली. हातात ताकाचा तांब्या. तो तिनं खाली ठेवला, पण बसली नाही. कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, एक इचारू? तुमी शिकल्यालं. त्ये पुस्तक वाचल्यालं. त्यो कुनाचा बी भाऊ आसू दे. त्यो उठला का न्हाय, त्येवढं खरं सांगा."

सोलापूरच्या सभेत खोकून सुटलो होतो. इथं सुटका नव्हती. ही बाई काही उपदेश ऐकायला आली नव्हती. तिला एका माणसाची खबर हवी होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. गावोगाव चालत येऊन, उन्हात रापून, आमच्या बाईनं या एका तोंडावर जे ठेवलं होतं, ते आता माझ्या एका शब्दावर अडलं होतं. नाही म्हणायचं तर आमच्या बाईचं सगळं आयुष्य खोटं म्हणायचं. आणि ती खोटं गात नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

"उठला," मी म्हणालो.

"व्हय?"

"व्हय. उठला."

"मग बाई बी उठंल?"

घशात जे इतके दिवस अडकलं होतं, ते हललं. मला रडू आलं, आणि मी ते रुमालात दाबलं नाही. "उठंल, बसव्वा. उठंल."

ती खाली बसली. काडीनं आगटीतली राख सारू लागली. मग म्हणाली, "नाव काय तिचं? आमी आपलं बाईच म्हनायचो. त्येनं लाजराला नावानं हाक मारली की. हिलाबी नावानंच मारंल."

आमच्या घरात बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. 'अगं', 'ऐकलंस का' यावर संसार झाला. तिच्या थडग्यावर नाव कोरून घेतलं तेही कारागिराला कागदावर लिहून दिलं. मी ते नाव तोंडानं उच्चारल्याचं मला आठवेना.

"सगुणा," मी म्हणालो.

"सगुणा," बसव्वानं म्हणून पाहिलं. "सगुणाक्का. चांगलं हाय." मग पदर सावरून उठली. "मग तुमी आमचं दाजी झालासा. उद्या तांबडं फुटताना जात्यापाशी या. जात्याबिगर ओवी तोंडात येत न्हाय."

पहाटे मी गेलो. चुलीचा जाळ, गोठ्यातला वास, आणि मधे ते काळं जातं. मला वाटलं होतं, कोपऱ्यात बसून ऐकेन. कुठलं! "दाजी, खुंटा धरा. ही बाजू बाईची. मोकळी ठिवून म्या म्हननार न्हाय." दारात शेजारणी जमल्या आणि पदर तोंडाला लावून खिदळू लागल्या. कोट घातलेला, चष्मा लावलेला म्हातारा मास्तर जात्याला बसलेला त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल. मी जोर लावला तर जातं घरघरायच्या ऐवजी कण्हलं. "ओढू नगा, माझ्याबरोबर फिरवा," बसव्वा म्हणाली. हळूहळू जमलं. पीठ मात्र भरड पडत होतं.

ती गाऊ लागली. चाल तीच. आवाज निराळा, घोगरा, पण मध्येच जिथं आमची बाई स्वर किंचित ओढायची, तिथं ही पण ओढत होती. बेथानी झाली, निरोप झाला, धोंडा आला. पाय पुढं चालंना. मी खुंटा घट्ट धरला.

हाक आली नावानं गं, बंधू आला उजेडात
माती झाडिते पदरानं, हात घेऊन हातात

बंधू बसला जेवायाला, येशू बसं शेजारी
माझी सेवा एवढीच गं, ऊन भाकर ताटावरी

एवढंच. हाच शेवट. मी काहीतरी मोठं, स्वर्गाची दारं वगैरे येईल असं धरून चाललो होतो. आणि आमच्या बाईनं मेलेल्याला उठवल्यावर पहिली काळजी केली ती त्याच्या जेवणाची! पाळकांनी तासभर ज्यावर उपदेश केला, ते तारण आणि ती सेवा, तिनं एका भाकरीत वाढून ठेवलं होतं. ती अशीच होती. दौऱ्यावरून आल्यावर मी तिला थकलीस का विचारायच्या आत ती चुलीपाशी गेलेली असायची.

मला वाटलं संपलं, म्हणून मी हात सैल सोडला. "फिरवा," बसव्वा म्हणाली. तिनं जात्याच्या तोंडात मूठभर जोंधळे घातले. मग तिनं डोळे मिटून, थांबत थांबत, ही म्हटली:

सगुणा माझी भैन बाई, निजली नगरच्या मातीत
हाक येईल नावानं तिला, पीठ ठेविते परातीत

"ह्ये बाईचं न्हाय," ती डोळे उघडून म्हणाली. "ह्ये आत्ताच आलं."

मला आमेन म्हणायचा होता. म्हटला. मोठ्यानं म्हटला, दारातल्या बायका दचकल्या.

त्या पिठाची भाकरी बसव्वानं थापली. भरड होती, कडेनं चिरलेली. "दाजीचं दळान हाय, दाजीनंच खावा," म्हणून सगळ्या हसल्या. मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. निघताना तिनं माझ्या उपरण्यात थोडे जोंधळे बांधले आणि छत्री हातात घेऊन ठिगळाची एक उसवलेली टीप घालून दिली. "पुढच्या सुगीला येतासा न्हवं?" मी हो म्हटलं. मल्लाप्पानं दुधनीपर्यंत पोचवलं.

ती बसवण्णाच्या देवळात जाते, विभूती लावते, तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. सोलापूरच्या पाळकांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हेच विचारलं, "मग तिला आपण काय समजायचं?" मी म्हटलं, "ती माझी मेहुणी आहे." त्यांना वाटलं मी थट्टा केली. मीही खुलासा केला नाही. कधी नव्हे ते गप्प बसलो.

नगरला परत येऊन आता बरेच दिवस झाले. घरात शिरलो तेव्हा नेहमीसारखंच रिकामं घर होतं, खोटं सांगत नाही. तिची चप्पल दाराशी तशीच. माणूस परत यावं अशी हाव कुठल्याही ओवीनं जात नाही, उलट वाढते. पण आता ती हाव कुठं टेकवायची ते कळलं आहे. कोपऱ्यातलं जातं धुऊन पुसून मधे घेतलं. पहाटे बसतो. समोरची बाजू मोकळी असते. गळा माझा वाईट, पण ओव्या सगळ्या म्हणतो, पहिल्यापासून, बसव्वाच्या शेवटच्या ओवीपर्यंत.

परवा पोस्टमास्तर दारात उभे राहून बघत होते. "मास्तर, बाजारात पिठाची गिरणी झालीय की आता. आणि एकट्या माणसाला एवढं पीठ लागतं कशाला?"

"असू द्यावं थोडं परातीत," मी म्हटलं.